टोकाशी रुंदावणारे ठळक अक्षर आणि देवनागरीचा काना

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: राजापूर परिसरात आपली हापूसची बाग आणि लोणची, आंबापोळी, कोकम यांचा लहानसा घरगुती उद्योग आहे. मालाच्या नावासाठी एका ओळखीच्या डिझायनरने रोमन लिपीतले एक जाड अक्षर, म्हणजे फॉन्ट, सुचवले असून त्याचे उभे दांडे टोकाकडे हळूहळू रुंद होत जातात, पण नेहमीच्या अक्षरांत असते तशी वेगळी आडवी पट्टी, म्हणजे सेरिफ, त्या टोकांना नाही. हे अक्षर आपल्याला आवडले आहे. मात्र त्याला काय म्हणतात, ते पाटीपासून बरणीच्या लेबलापर्यंत सर्वत्र चालेल काय, आणि त्याच तोलाचे मराठी अक्षर कोठे मिळेल, हे आपल्याला हवे आहे. मी रत्नागिरीत सुरुवातीची बारा-तेरा वर्षे ब्रशने पाट्या रंगवल्या, पुढे स्क्रीन प्रिंटिंग केले आणि आता संगणकावर अक्षररचना करतो. त्यामुळे उत्तर थोडे हातकामाच्या बाजूने झुकलेले असेल.

या वळणाला फ्लेअर्ड सेरिफ म्हणतात. मॅक्सिमिलियन व्हॉक्स या फ्रेंच अभ्यासकाने १९५४ मध्ये अक्षरांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात अशा अक्षरांचा वर्ग छिन्नीने कोरलेल्या अक्षरांचा म्हणून वेगळा काढलेला आहे, आणि ते नाव योग्य आहे, कारण या अक्षराचा जन्म कागदावर झालेला नाही. दगडात किंवा धातूत दांडा कोरताना कारागीर टोकाशी छिन्नी किंचित तिरकी धरून कोपरा स्पष्ट करतो, आणि त्या स्पष्ट केलेल्या कोपऱ्यामुळेच दांडा टोकाला रुंद दिसतो. कोपरे असे स्पष्ट केले नाहीत तर दुरून दांड्याची टोके उन्हात झिजल्यासारखी गोल वाटतात. म्हणजे हे रुंदावणे आधी हा दृष्टिभ्रम सावरण्यासाठी आले आणि शोभा म्हणून मागाहून ओळखले गेले.

पेंटरांना हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने ठाऊक असते. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावरचा इ. स. ११३ चा शिलालेख सेरिफ अक्षरांचा आदर्श मानला जातो. एडवर्ड कॅटिच या अमेरिकन धर्मगुरूने १९६८ मध्ये असे मांडले की ती अक्षरे दगडावर कोरण्यापूर्वी चपट्या ब्रशने लिहिलेली होती आणि सेरिफ ही मुळात ब्रश टोकाशी वळवण्याची खूण आहे. कॅटिच स्वतः तरुणपणी पाट्या रंगवीत असत, हे वाचले तेव्हा मला त्यांच्या मताचे नवल वाटेनासे झाले. चपटा ब्रश पाटीवर टेकवला की केस पसरतात. दांडा खाली ओढताना हात आपोआप हलका होतो. शेवटी थांबण्यासाठी ब्रश पुन्हा दाबावा लागतो. वर रुंद, मध्ये किंचित अरुंद, खाली पुन्हा रुंद असा दांडा न ठरवताही तयार होतो. हर्णैला किंवा मिरकरवाड्याला होडीच्या नाळेवर नाव रंगवणारे हात पाहावेत. फळी वाकलेली, पाय ठेवायला धड जागा नाही, म्हणून प्रत्येक दांड्याच्या टोकाशी ब्रश दाबून हात स्थिर केला जातो. तिथे जे अक्षर उमटते ते हेच असते; त्याला इंग्रजी नाव आहे हे रंगवणाऱ्याच्या गावीही नसते.

छापील अक्षरांत या वळणाची दोन घराणी आपण समजून घ्यावीत, कारण आपल्या निवडीचा प्रश्न त्यांतच आहे. पहिले घराणे ऑप्टिमाचे. जर्मन अक्षररचनाकार हर्मान झाप्फ यांनी १९५० मध्ये फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधल्या थडग्यांच्या शिळांवरची अक्षरे पाहिली आणि जवळ कागद नव्हता म्हणून १००० लिराच्या नोटेवर त्यांची टिपणे काढली. त्यातून घडलेले अक्षर १९५८ मध्ये बाजारात आले. यात दांड्याच्या दोन्ही कडा पूर्ण लांबीभर अगदी थोड्या आत वळलेल्या असतात. दुसरे घराणे अल्बर्टसचे. बर्थोल्ड व्होल्पे हे जर्मनीत धातूकाम शिकलेले कारागीर. ब्राँझच्या पत्र्यावर अक्षराभोवतीचा धातू छिन्नीने काढून टाकून अक्षर उठावात ठेवण्याची त्यांची पद्धत होती. १९३२ मध्ये मोनोटाइप कंपनीने ती अक्षरे छपाईसाठी मागितली आणि पुढच्या काही वर्षांत संपूर्ण संच तयार झाला. भोवतालचा धातू बाहेरून कापल्यामुळे त्या अक्षरांना मऊ वळणे कमी आणि ठाम कोपरे अधिक आहेत. लंडनच्या जुन्या शहर विभागातल्या रस्त्यांच्या पाट्या आजही त्याच अक्षरात आहेत.

आपल्याकडे ही दोन्ही अक्षरे बहुतेकांनी वेगळ्याच नावांनी पाहिली आहेत. कोरलड्रॉ या चित्ररचनेच्या सॉफ्टवेअरबरोबर बिटस्ट्रीम कंपनीचे फॉन्ट येत, त्यांत ऑप्टिमाचे नाव झाप्फ ह्युमनिस्ट ६०१ आणि अल्बर्टसचे नाव फ्लेअरसेरिफ ८२१ असे होते. लग्नपत्रिकांच्या इंग्रजी मजकुरात पहिल्याचा इतका वापर झाला की आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्याला ‘शुभविवाह फॉन्ट’ असेच नाव ठेवले होते.

आता ठळकपणाविषयी. नाजूक अक्षरात टोकाचे रुंदावणे सहज दिसते. दांडा ३ सेंमी रुंद असेल तर टोकाला ४ सेंमी होणे डोळ्याला लगेच कळते. तोच दांडा ६ सेंमी झाला की १ सेंमीची वाढ हरवते, आणि ती दिसावी म्हणून प्रमाणात वाढवत नेले तर शेजारच्या दोन दांड्यांच्या टोकांमधली जागा संपते. हाताने काढताना मी ३० सेंमी उंचीच्या अक्षराला दांडा मध्यभागी ६ आणि टोकाला साडेसात सेंमी धरतो. त्यापुढे जात नाही. शिवाय ठळक अक्षरात ऑप्टिमासारखी पूर्ण लांबीभर कंबर दिली तर दांडा मुसळासारखा दिसू लागतो, आणि चार मुसळे ओळीने उभी राहिली की शब्दाचा भारदस्तपणा जाऊन त्याला एक विनोदी छटा येते. म्हणून ठळक वजनात कडा बराच भाग सरळ ठेवून शेवटच्या चतुर्थांशात रुंदावणारे दुसरे घराणे मला अधिक पटते. आपल्याला सुचवलेल्या अक्षराचा मोठा नमुना छापून एच आणि आय ही दोन अक्षरे शेजारी ठेवा. मधल्या पोकळीचा आकार पिंपासारखा, म्हणजे मध्ये फुगलेला आणि वर-खाली आवळलेला दिसेल. ते पिंप सुबक दिसत असेल तर अक्षर चांगले आहे. वर-खाली तोंडे जवळजवळ मिटलेली असतील तर अक्षरांतले अंतर वाढवावे लागेल, आणि अंतर वाढवले की नाव बरणीच्या रुंदीत बसणार नाही.

उपयोगाविषयी माझे मत स्पष्ट आहे: हे अक्षर थोड्या शब्दांचे आणि मोठ्या आकाराचे आहे. नाव, गाव, फार तर मालाचा प्रकार, एवढेच त्यात लिहावे. घटक पदार्थ, वजन, उत्पादनाची तारीख, परवाना क्रमांक हे सारे साध्या, एकसारख्या जाडीच्या अक्षरात द्यावे. बारीक आकारात टोकाचे रुंदावणे वेगळे दिसत नाही, ते फक्त डाग होऊन उरते. इंचाला ३०० ठिपके देणाऱ्या लेझर प्रिंटरवर ऑप्टिमाच्या कडेची हळुवार वळणे पायरीसारखी तुटत असत, ही आमच्या पिढीने पाहिलेली गोष्ट आहे. कडेचा बाक एका ठिपक्याहूनही कमी असेल तर यंत्र तो दाखवणार कसा? फोनच्या पडद्यावर आता ठिपके पुष्कळ असतात, तरी पैसे भरण्याच्या ॲपमध्ये दुकानाच्या नावाशेजारी दिसणाऱ्या छोट्या वर्तुळात हे अक्षर घालण्याचा हट्ट धरू नये.

मोठ्या आकारात मात्र कोकणात या वळणाला एक खास फायदा मिळतो आणि तो जांभ्यामुळे व हवेमुळे मिळतो. बागेच्या गडग्यात किंवा घराच्या जोत्यात नाव कोरून घ्यायचे तर आपल्याकडे हाताशी जांभा असतो. जांभा सच्छिद्र आहे. खाणीतून काढलेला चिरा हवेत घट्ट होत जातो, पण त्याची छिद्रे बुजत नाहीत. त्यात केसासारखी बारीक सेरिफ कोरायला गेले की ती छिद्राशी येऊन निखळते. काळ्या दगडावर किंवा ग्रॅनाइटवर जे अक्षर सुरेख दिसते ते जांभ्यावर पहिल्याच पावसात अर्धे होते. मी एकदा एका घरासाठी अशीच बारीक टोकांची अक्षरे आखून दिली होती. पाथरवटाने काम करण्याआधीच सांगितले होते की हे टिकणार नाही, आणि मी ऐकले नाही. दुसऱ्या वर्षी त्याच चिऱ्यावर त्याने दांडे जाड करून टोके फक्त जराशी फाकवली, तेव्हा पडलेल्या कपऱ्यांच्या खुणा त्या रुंदीत सामावून गेल्या. ठळक, टोकाशी रुंदावणाऱ्या अक्षरात सगळ्यात नाजूक जागा टोकाला नसून कमरेला असते, आणि कमरही जाडच असते. म्हणून कोपऱ्याचा टवका उडाला तरी अक्षर ओळखू येते.

रंगवलेल्या पाटीचेही तेच. खारी हवा आणि पश्चिमेचा पाऊस रंग कडांकडून खातो. पातळ रेघ दोन्ही कडांनी खाल्ली गेली की नाहीशी होते. जाड दांडा दोन्ही कडांनी खाल्ला गेला तर थोडा बारीक होतो इतकेच. समुद्राकडे तोंड असलेल्या पाटीवर मी बारीक रेघांची अक्षरे कधीच देत नाही, मग ती कितीही देखणी असोत.

येथपर्यंतचे सारे रोमन अक्षराविषयी झाले. आपला खरा अवघड प्रश्न तिसरा आहे, आणि त्यावर मी अधिक लिहिणार आहे, कारण याच ठिकाणी बहुतेक कामे बिघडतात. संगणकावर सामान्यतः असे केले जाते: एखादा ठळक मराठी फॉन्ट घ्यायचा, त्याचे बाह्यरेषेत, म्हणजे अक्षराच्या कडांच्या चित्रात, रूपांतर करायचे आणि प्रत्येक काना खालच्या टोकाला दोन्हीकडे ओढून रुंद करायचा. पहिल्या नजरेला जमल्यासारखे वाटते. परंतु देवनागरी अक्षर वरून शिरोरेषेला टांगलेले असते. रोमन दांड्याला जसे वरचे मोकळे टोक असते तसे कान्याला नसते. वरचे रुंदावणे शिरोरेषेत बुडते, खालचे तेवढे उरते, आणि अक्षरांना हत्तीचे पाय लावल्यासारखे दिसते.

दुसरे असे की सर्व अक्षरांना काना नसतो. ‘रत्नागिरी’ हा शब्द लिहून पाहा: न चा दांडा, त्याचा काना, पहिली वेलांटी, ग चा दांडा आणि दुसरी वेलांटी मिळून पाच उभे दांडे येतात. ‘देवगड’ लिहिले तर व आणि ग यांचे दोनच. केवळ कान्याचे पाय रुंदावले तर रत्नागिरीला कुंपण घातल्यासारखे दिसते आणि देवगड उघडा पडतो. म्हणून र ची तिरकी शेपटी, द चे खाली उतरणारे टोक, ड आणि ह यांच्या वळणांचे शेवट, ट आणि ठ यांचे आखूड देठ, हे सर्व शेवट त्याच स्वभावाने, पण आपापल्या दिशेने रुंदावले पाहिजेत.

ती दिशा कोणती, हे बोरू ठरवतो. रोमन लेखणी ज्या बाजूला तिरकी धरली जाते त्याच्या उलट कलाने देवनागरीचा बोरू कापलेला असतो. त्यामुळे रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते, तर देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी जाड येते. कान्याचा पाय बोरूने लिहिला तर तो सपाट न येता तिरका कापल्यासारखा येतो. हा तिरका काप हेच आपल्या लिपीचे स्वतःचे टोक आहे. ठळक अक्षरात तो काप थोडा रुंद करून कोपरा स्पष्ट केला की रोमन फ्लेअरशी त्याचे नाते दिसते, आणि कोणी कोणाचे कपडे उसने घेतल्यासारखे वाटत नाही. ट्राजनच्या काळच्या ब्रशाने आणि आपल्या बोरूने टोकाशी तेच केले आहे, फक्त हात वेगळ्या कोनात धरून.

आता ज्या शब्दाने मला धडा शिकवला तो शब्द सांगतो: हापूस. काही वर्षांपूर्वी एका बागायतदारासाठी मी पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापायला हा शब्द याच वळणात काढला. कान्यांचे पाय छान रुंदावलेले होते. पण प चा दांडा जिथे संपतो तिथेच दीर्घ उकार लागतो. रुंद पाय आणि उकाराचा आरंभ एकाच जागी आले, दोन्ही ठळक, आणि त्यात खाकी पुठ्ठ्यावर शाई पसरली. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्यांमुळे दाब सर्वत्र सारखा बसत नाही, म्हणून शाई जरा सढळ ठेवावी लागते. परिणाम असा की उकार मिटून गेला आणि खोक्यावर ‘हापस’ असे काहीतरी, खाली एक काळा गोळा घेऊन, उमटले. मुद्रिते तपासताना मी पांढऱ्या गुळगुळीत कागदावर पाहिले होते, त्यामुळे दोष माझाच होता. बागायतदाराने मोसम तोंडावर असल्याने ती खोकी वापरली आणि मला वर्षभर ‘हापसवाले’ म्हटले.

त्यातून निघालेला नियम साधा आहे. ज्या दांड्याच्या पायाशी ऱ्हस्व किंवा दीर्घ उकार, ऋकार किंवा हलन्ताचे चिन्ह येणार असेल, तो पाय रुंदावू नये. दांडा सरळ खाली आणून चिन्हाला द्यावा आणि रुंदावण्याचे काम त्या चिन्हाच्या मोकळ्या टोकाकडे सोपवावे. हाताने काढणारा माणूस हे विचार न करता करतो. फॉन्टमध्ये मात्र त्यासाठी प्रत्येक कानेवाल्या अक्षराची दोन रूपे लागतात, एक मोकळ्या पायाचे आणि एक चिन्हासाठीचे, आणि शेजार पाहून रूप बदलण्याची सूचना फॉन्टच्या आत लिहावी लागते. आजच्या युनिकोड फॉन्टमध्ये ती सोय करता येते. जुन्या, कळफलकाच्या जागांवर चिन्हे बसवलेल्या फॉन्टमध्ये ती शक्य नव्हती. तिथे काना हा एक वेगळा तुकडा असे आणि तो सर्वत्र जसाच्या तसा चिकटवला जाई.

शिरोरेषेलाही हाच न्याय लागतो. शब्दाच्या सुरुवातीला व शेवटी शिरोरेषा थोडी रुंदावलेली किंवा तिरकी कापलेली सुंदर दिसते. पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि तुकडे एकमेकांना भिडून रेघ बनते. तुकड्यांची टोके रुंदावली तर शब्दभर गाठी पडतात, बांबूच्या पेरांसारख्या. म्हणून शिरोरेषा सरळ ठेवून केवळ दोन बाहेरची टोके शेवटी हाताने घडवावीत.

आणखी एक अडचण जोड-दांड्यांची. ‘आमराई’ किंवा ‘मामा’ अशा शब्दांत अक्षराचा दांडा आणि त्याचा काना अगदी लगत येतात. दोघांचे पाय एकमेकांकडे रुंदावले की मधली जागा तळाशी मिटते आणि तिथे शाई साचते. अशा जोडीत आतल्या बाजूचे रुंदावणे निम्मे करावे आणि बाहेरचे पूर्ण ठेवावे. डोळ्याला फरक कळत नाही, छपाईला कळतो. ठळकपणाची खरी मर्यादाही दांडा ठरवत नाही. ती भ, झ, ण, क्ष, ज्ञ आणि द्ध यांच्या पोटातल्या पोकळ्या ठरवतात. आपल्या नावात यांपैकी एखादे अक्षर असेल तर आधी ते काढा, त्याची पोकळी जितके वजन सोसेल तितकेच वजन बाकीच्यांना द्या. उलट क्रमाने काम केले की शेवटी ज्ञ हा शब्दातला सगळ्यात काळा ठिपका ठरतो.

आपल्या मालाची यादी पाहता दोन बाबतींत विशेष काळजी घ्यावी लागेल. ‘लोणचे’ आणि ‘मसाले’ यांतला ल मराठी वळणाचा, म्हणजे पाकळीयुक्त असावा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवताना पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपे स्वीकारली आहेत. अनेक फॉन्टमध्ये मूळ रूप हिंदी वळणाचे, दंडयुक्त असते आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्यावरच आपले रूप येते. आपल्या विषयात हा फरक केवळ अस्मितेचा नाही: दंडयुक्त ल ला खाली पाय आहे, पाकळीयुक्त ल ला नाही, म्हणून एका ल मुळे शब्दाचा तळ बदलतो. दुसरी गोष्ट ‘कैऱ्या’ या शब्दातल्या र ची. ती पापणीसारखी आडवी रेघ ठळक अक्षरात फार जाड केली तर उणे चिन्हासारखी दिसते, आणि फॉन्टमध्ये नसलीच तर शब्द मोडतो. ती रेघ दांड्याच्या निम्म्या जाडीची ठेवून तिचे एक टोक किंचित रुंद करावे.

तयार फॉन्टच घ्यायचा असेल तर या वळणाशी तंतोतंत जुळणारा देवनागरी फॉन्ट शोधण्यात वेळ घालवू नये. स्वभाव जुळणारा घ्यावा. वैभव सिंह यांनी घडवलेल्या एक्झारमध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच हाताची आहेत, टोके कोरीव आहेत आणि वजन वाढते तसा त्यांचा ठसका वाढतो. आपल्या रोमन अक्षराचा आग्रह सोडायची तयारी असेल तर दोन्ही लिप्या त्याच संचातून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. मुंबईच्या रेल्वेतील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडलेला यात्रा वन हा दुसरा पर्याय. त्यात ब्रशचा कल स्पष्ट आहे, पण त्याची चाल थोडी खेळकर असल्याने पाटीला शोभतो आणि भारदस्त लेबलाला तितका शोभत नाही. ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता अतिठळक वजनात घेतला तर तो फ्लेअरशी स्पर्धा करीत नाही, शांत राहतो. बारीक मजकुरासाठी मी तोच सुचवीन. रोझा वन मात्र टाळावा. त्याच्या जाड व बारीक रेघांतला फरक फार मोठा आहे, आणि जवळजवळ एकाच जाडीच्या फ्लेअर्ड अक्षरापुढे तो परका दिसतो. हे चारही फॉन्ट मोफत व खुल्या परवान्याचे आहेत. अल्बर्टस किंवा ऑप्टिमा मालाच्या नावासाठी वापरायचे असतील तर परवाना विकत घ्यावा लागतो, आणि डिझायनरकडून तो आपल्या उद्योगाच्या नावाने आहे याची खात्री करून घ्यावी.

पाटीसाठी आणखी एक व्यावहारिक बाब आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवर मराठी नाव देवनागरीत, आरंभी आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसलेल्या आकारात हवे. संगणकावरचा फॉन्टचा आकडा सारखा ठेवून हे साधत नाही, कारण त्याच आकड्याला निरनिराळ्या फॉन्टची अक्षरे निरनिराळ्या उंचीची उतरतात. मी शिरोरेषेपासून कान्याच्या पायापर्यंतची उंची मोजतो आणि रोमन मोठ्या अक्षरांची उंची तेवढीच किंवा थोडी कमी ठेवतो. मात्रा व वेलांट्या त्याहून वर जातात, त्यामुळे मराठी ओळ आपोआप मोठी दिसते. दांड्याची जाडी मात्र दोन्ही लिप्यांत सारखी ठेवू नये. देवनागरीत शिरोरेषाही काळेपणा वाढवते, म्हणून तिचा दांडा रोमनपेक्षा साधारण दहावा भाग बारीक घेतला की दोन्ही ओळी सारख्याच ठळक वाटतात.

माझा सल्ला असा की आपण मालाचे नाव आणि ‘हापूस’, ‘लोणचे’, ‘कोकम’, ‘आंबापोळी’ एवढे शब्द अक्षर जाणणाऱ्या माणसाकडून हाताने काढून घ्यावेत आणि ते चित्रासारखे जपावेत. बाकी सारा मजकूर मुक्तात द्यावा. चार-पाच शब्दांसाठी पूर्ण फॉन्ट लागत नाही, आणि हाताने काढलेल्या शब्दात पू चा पाय कोठे आवरायचा हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवता येते. छापखान्यात द्यायच्या फाइलमध्ये हे शब्द बाह्यरेषेत रूपांतरित करूनच पाठवावेत. एरवी समोरच्या संगणकावर फॉन्ट नसला की त्या जागी भलताच फॉन्ट येतो, आणि चुकीची पाटी वर चढल्यावरच ते कोणाच्या तरी लक्षात येते.

छपाईला हिरवा कंदील देण्यापूर्वी एक नमुना खऱ्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, खऱ्या शाईत काढून घ्यावा. शाई पूर्ण वाळल्यावर तो पडवीत ठेवून अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून पाहावा, आणि शक्य असल्यास शब्द आधी माहीत नसलेल्या कोणाकडून तरी वाचून घ्यावा. उकार मिटत असेल तर प चा पाय आणखी आवरा आणि उकार दोन-तीन मिलिमीटर खाली उतरवा; तेवढ्याने भागले नाही तर संपूर्ण शब्दाचे वजन एक पायरी कमी करा, पण टोकांचे रुंदावणे काढून टाकू नका, कारण तेच काढले तर मग हे अक्षर निवडण्याचे कारण उरत नाही.